रॅटच्या यकृतपेशींचे विलगीकरण आणि संवर्धन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यकृतपेशींवर नव्याने काम सुरू करणाऱ्या विद्यार्थ्यांकडून, आणि अधूनमधून त्यांच्या मार्गदर्शकांकडूनही, तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येत असतात. त्यांची उत्तरे एका ठिकाणी मिळावीत म्हणून हे संकलन केले आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले असून, एका उत्तराचा धागा दुसऱ्या उत्तरात जात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. वेगळे सांगितलेले नसेल तिथे सर्व परिमाणे २०० ते २५० ग्रॅम वजनाच्या प्रौढ रॅटसाठी आहेत.

१. रॅट म्हणजे नेमका कोणता उंदीर? माऊस घेतला तर चालणार नाही का?

मराठीत दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो, त्यामुळे हा घोळ नेहमीचा आहे. प्रयोगशाळेतला माऊस साधारण २५ ग्रॅमचा असतो आणि रॅट त्याच्या आठ-दहा पट वजनाचा. विस्टार आणि स्प्रॅग-डॉली हे रॅटचे सर्वाधिक वापरले जाणारे वाण आहेत. रॅटचे यकृत शरीराच्या वजनाच्या सुमारे ४ टक्के, म्हणजे २५० ग्रॅमच्या प्राण्यात जवळपास १० ग्रॅम भरते. आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी पोर्टल व्हेन ही शीरही त्याच्यात एवढी जाड असते की थोड्या सरावाने तिच्यात नळी घालता येते. माऊसवरही हीच पद्धत चालते, मात्र शीर बारीक असल्याने हात बसायला बराच वेळ लागतो आणि पेशीही कमी मिळतात. रॅटला पित्ताशय नसते, माऊसला असते. पहिल्यांदा पोट उघडल्यावर पित्ताशय शोधत बसणारे विद्यार्थी आम्ही दर वर्षी पाहतो.

२. यकृतातून मिळालेल्या सगळ्या पेशी ‘यकृतपेशी’च ना?

नाही. ज्यांना हेपॅटोसाइट म्हणतात त्या मुख्य पेशी संख्येने साठ टक्क्यांच्या आसपास असल्या, तरी आकाराने मोठ्या, म्हणजे २० ते ३० मायक्रॉन व्यासाच्या असल्यामुळे यकृताचे सुमारे ८० टक्के आकारमान त्याच व्यापतात. उरलेल्यांत रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या एंडोथेलियल पेशी, भक्षक कुप्फर पेशी, जीवनसत्त्व अ साठवणाऱ्या स्टेलेट पेशी आणि पित्तनलिकांच्या पेशी येतात. या पानावर ‘यकृतपेशी’ हा शब्द हेपॅटोसाइटसाठीच वापरला आहे. प्रौढ रॅटच्या यकृतपेशींपैकी पाचवा ते चौथा हिस्सा दोन केंद्रकांचा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली अशा जोडकेंद्रकी पेशी दिसल्या तर घाबरू नये. उलट हेपॅटोसाइट हाती लागल्याची ती खूण आहे. बाकीच्या पेशी हव्या असतील तर प्रश्न १९ पाहावा.

३. संवर्धनात या पेशी खरोखर वाढतात का?

या विषयातील निम्म्या निराशा ‘वाढवणे’ या एका शब्दातून येतात. प्राण्याच्या शरीरात यकृताची पुनर्निर्मितीची ताकद विलक्षण आहे. हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१ मध्ये दाखवले की रॅटच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग काढून टाकला, तरी उरलेला भाग आठवडा-दीड आठवड्यात मूळ वजनाच्या जवळ पोहोचतो. हे वाचून आलेल्या विद्यार्थ्याला वाटते की प्लेटमध्येही पेशी अशाच भराभर दुप्पट होतील. प्रत्यक्षात प्रौढ रॅटच्या यकृतपेशी नेहमीच्या माध्यमात (पेशी ज्यात ठेवतात त्या पोषक द्रवात) जवळजवळ विभाजित होत नाहीत, आणि वृद्धिघटक दिले तरी सहसा एक-दोन विभाजनांवर थांबतात. आपण त्यांना वाढवत नसतो, त्यांचे गुणधर्म टिकवत असतो. प्रयोगाची आखणी करताना पहिल्या दिवशी जेवढ्या पेशी हाती आल्या तेवढ्याच आहेत असे धरूनच करावी. याला अपवाद आहेत. ते प्रश्न १७ मध्ये दिले आहेत.

४. तयार सेललाइन मिळत असताना एवढा खटाटोप कशासाठी?

प्रश्न रास्त आहे, आणि कित्येक प्रयोगांना सेललाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत विभाजित होत राहणाऱ्या पेशी, पुरेशी असते. बफेलो वाणाच्या रॅटच्या यकृतातून निघालेली बीआरएल ३ए, निरोगी यकृतातूनच आलेली क्लोन ९ आणि र्यूबर हेपॅटोमा या गाठीतून निघालेली एच४आयआयई या रॅटच्या परिचित लाइन आहेत. भारतातील संस्थांना सेललाइन पुरवण्याचे काम पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समधील पेशीभांडार करते, त्यामुळे मागणी नोंदवण्याआधी तिथल्या यादीत काय उपलब्ध आहे ते पाहावे.

मात्र ज्या पेशी सतत विभाजित होत राहतात त्यांनी यकृताची बरीचशी कामे सोडून दिलेली असतात. औषधांचे चयापचय, सायटोक्रोम पी४५० या औषधांवर क्रिया करणाऱ्या विकरांची (एन्झाइमांची) पातळी, पित्तक्षारांचे वहन किंवा युरियाची निर्मिती हा अभ्यासाचा विषय असेल, तर ताज्या विलग केलेल्या पेशींना पर्याय नाही. आणखी एक खुलासा, कारण चूक वारंवार दिसते: हेप जी२ ही लाइन माणसाची आहे, रॅटची नव्हे, आणि ती यकृताच्या गाठीतून आलेली आहे. रॅटवरील प्रयोगाची ‘पुष्टी’ म्हणून ती जोडताना प्रजाती आणि पेशींची अवस्था असे दोन्ही बदल एकदम होतात, याचे भान ठेवावे.

५. परवानगी कोणाची लागते?

भारतात प्राण्यांवरील प्रयोग १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली आणि त्यानुसार केलेल्या १९९८ च्या नियमांखाली येतात. संस्थेचे प्राणिगृह केंद्रीय समितीकडे नोंदलेले असावे लागते. ही समिती पूर्वी सीपीसीएसईए या नावाने ओळखली जात असे, आता तिचे नाव सीसीएसईए आहे. रॅटसारख्या लहान प्राण्यांवरील प्रस्तावाला संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी घ्यावी लागते. ‘मी तर फक्त पेशी वापरतो’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही, कारण पेशी मिळवण्यासाठी प्राण्याचा जीव जातो. परफ्यूजन, म्हणजे रक्तवाहिन्यांमधून यकृतात द्रावण सोडणे, खोल भुलीखाली केले जाते आणि प्राणी त्या भुलीतून परत येत नाही. प्रस्तावात हे स्पष्ट शब्दांत लिहावे. एका यकृतातून मिळालेल्या पेशी दोन-तीन जणांनी वाटून घेतल्या तर प्राण्यांची संख्या आपोआप कमी होते, आणि समितीही तेच विचारते.

६. ‘दोन टप्प्यांचे परफ्यूजन’ म्हणजे काय? यकृताचे तुकडे करून विकरात ठेवले तर काय बिघडते?

पूर्वी तसेच करत असत. त्याआधी यकृत नुसते चिरडून किंवा गाळून पेशी सुट्या करण्याचे प्रयत्न झाले, पण त्यांतून निघणाऱ्या पेशींची पटले फाटलेली असत. १९६७ मध्ये हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी यकृताचे काप कोलॅजिनेज व हायल्युरोनिडेज या विकरांच्या द्रावणात ठेवून जिवंत पेशी मिळवल्या, परंतु त्यांचे प्रमाण फार कमी होते. कापाच्या कडेच्या पेशी जास्त वेळ विकरात राहून मरतात आणि मधल्या सुटतच नाहीत, ही त्यातली मूळ अडचण होती. १९६९ मध्ये बेरी आणि फ्रेंड यांनी विकर बाहेरून न लावता रक्तवाहिन्यांमधूनच यकृतात सोडले. यकृतातील जवळपास प्रत्येक हेपॅटोसाइट एखाद्या सूक्ष्म रक्तमार्गाला लागून असते, म्हणून रक्त जिथे पोहोचते तिथे विकरही पोहोचते आणि सगळे यकृत एकाच वेळी सुटे होते. पुढे ऑस्लो येथील पेर सेग्लेन यांनी याचे दोन टप्पे नीट बांधून दिले. त्यांचे १९७६ मधील सविस्तर वर्णन आजही बहुतेक प्रयोगशाळांच्या वह्यांचा पाया आहे. पहिल्या टप्प्यात कॅल्शियमरहित द्रावणाने रक्त धुऊन काढायचे आणि दुसऱ्या टप्प्यात कॅल्शियमयुक्त कोलॅजिनेज सोडायचे, असा तो क्रम आहे.

७. आधी कॅल्शियम काढायचे आणि मग पुन्हा घालायचे, हा उलटसुलट कारभार कशासाठी?

दोन्ही वेळी कॅल्शियमची भूमिका वेगळी असते. शेजारशेजारच्या यकृतपेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे सांधे कॅल्शियमच्या आधारावर उभे असतात. ते काढून घेतले की हे सांधे सुटतात, आणि पुरेसा वेळ दिला तर कॅल्शियम परत आले तरी लगेच जुळत नाहीत. यासाठी पहिल्या द्रावणात साधारण ०.५ मिलिमोलर ईजीटीए घालतात. ईडीटीएपेक्षा ईजीटीए बरे, कारण ते मॅग्नेशियमला फारसे न धरता कॅल्शियमला धरते. पेशींभोवतीचे कोलॅजेनचे जाळे मात्र याने तुटत नाही. ते तोडणाऱ्या कोलॅजिनेजला काम करण्यासाठी कॅल्शियमच लागते, म्हणून दुसऱ्या द्रावणात ते सुमारे ५ मिलिमोलर ठेवतात.

यातली एक खोच अशी की दुसऱ्या द्रावणात ईजीटीए राहता कामा नये, आणि ते फॉस्फेटऐवजी हेपीस बफरवर बांधावे. फॉस्फेट भरपूर असलेल्या द्रावणात कॅल्शियम घातले की ते गढूळ होते, आणि तो गाळ यकृताच्या बारीक वाटा बंद करतो.

८. प्रत्यक्ष परफ्यूजन कसे करतात? क्रम सांगा.

दोन्ही द्रावणांचे सामू ७.४ वर आणावेत, त्यांतून ऑक्सिजनमिश्रित वायू सोडावा आणि ती कोमट पाण्याच्या टाकीत ठेवावीत. टाकी ३७ अंशांवर ठेवली तर नळीतून वाहताना द्रावण थंड होऊन यकृतात ३३-३४ अंशांनी पोहोचते आणि कोलॅजिनेज आळसावते. म्हणून टाकी ४० ते ४२ अंशांवर ठेवून नळीच्या टोकाशी तापमान मोजावे. हे मोजमाप बहुतेक जण टाळतात आणि नंतर दोष विकराच्या बाटलीला देतात.

प्राणी खोल भुलीत गेल्याची खात्री पंजा चिमटून करून घ्यावी, पोटाची कातडी ७० टक्के अल्कोहोलने पुसावी आणि पोट उघडून आतडी एका बाजूला सारावीत. पोर्टल व्हेनखालून दोन सैल गाठी ओवून ठेवाव्यात, रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन द्यावे आणि १८ गेजच्या आसपासची कॅन्यूला (बारीक नळी) शिरेत सरकवून गाठी आवळाव्यात. पंप आधीच मंद गतीने सुरू असावा, म्हणजे हवेचा बुडबुडा आत जाणार नाही. द्रावण शिरताच यकृत फुगू लागते. त्याच क्षणी मूत्रपिंडांच्या खाली व्हेना कावा ही मोठी शीर कापून द्रावणाला बाहेर पडण्याची वाट करून द्यावी. नंतर छाती उघडून त्याच शिरेच्या वरच्या भागात बहिर्नळी बसवतात, किंवा विकर पुन्हा वापरायचे नसेल तर तो भाग नुसता कापतात.

प्रवाह मिनिटाला २५ ते ३० मिलिलिटर ठेवून पहिले द्रावण सुमारे ८ मिनिटे, म्हणजे २०० ते २४० मिलिलिटर, सोडावे. यकृताचा लालसर तपकिरी रंग जाऊन ते फिकट पिवळसर झाले पाहिजे. त्यानंतर कोलॅजिनेजचे द्रावण ८ ते १२ मिनिटे सोडतात. ही वीस मिनिटे पुढच्या आठवड्याचे भवितव्य ठरवतात. प्लेटवर नंतर दिसणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथे सापडते.

९. यकृताचा एखादा खंड लालच राहतो. का?

त्या खंडात द्रावण पोहोचलेले नाही. बुडबुडा अडकला असेल, रक्ताची गुठळी झाली असेल, कॅन्यूला फार आत जाऊन फाट्याच्या एकाच शाखेत शिरली असेल किंवा तो खंड पिळवटून दुमडला गेला असेल. कॅन्यूला दोन-तीन मिलिमीटर मागे घेऊन पाहावे आणि ओल्या कापसाच्या बोळ्याने खंड हलकेच सरळ करावा. बाहेर पडणारी शीर क्षणभर चिमट्याने दाबून सोडल्यास यकृत फुगते आणि अडलेल्या वाटा अनेकदा मोकळ्या होतात. हे दोन-तीनदा करण्यास हरकत नाही, पण जोराने किंवा फार वेळ दाबल्यास पेशींना इजा होते. एवढे करूनही खंड लाल राहिला तर तो कापून टाकून द्यावा. त्याला इतरांबरोबर कुस्करण्याचा मोह आवरावा, कारण त्यातल्या मृत पेशींतून बाहेर पडणारा डीएनए सगळ्यांना चिकटवून गोळे करतो.

१०. कोलॅजिनेज कोणते आणि किती घ्यावे? गेल्या महिन्यात चालले, या महिन्यात नवी बाटली आणली तर पेशी मरतात.

हे विकर क्लॉस्ट्रिडियम हिस्टोलिटिकम या जिवाणूपासून मिळते आणि बाजारात मिळणारी साधी भुकटी हे शुद्ध विकर नसून अनेक विकरांचे मिश्रण असते. त्यात क्लॉस्ट्रिपेन असते, उदासीन प्रोटिएज असते आणि ट्रिप्सिनसारखी क्रियाही असते. गंमत अशी की अतिशुद्ध कोलॅजिनेज एकट्याने काम नीट करत नाही; त्या ‘अशुद्धी’ची थोडी मदत लागतेच, आणि ती जास्त झाली की पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिनेच कुरतडली जातात. हे प्रमाण प्रत्येक घाण्यागणिक (बॅचगणिक) बदलते, म्हणून नाव तेच आणि गुण वेगळा.

यकृतासाठी बहुधा टाइप ४ किंवा टाइप १ वापरतात. सुरुवात ०.०३ ते ०.०५ टक्क्यांपासून करावी, ०.०५ टक्के म्हणजे २०० मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम. त्याहून चांगला मार्ग म्हणजे दोन-तीन घाण्यांचे नमुने मागवून घेणे, प्रत्येकाची चाचणी करणे आणि जो उतरेल त्याच क्रमांकाच्या बाटल्या वर्षभराच्या भरून ठेवणे. बाटली फ्रीजमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत थंड भुकटीवर लगेच दव धरते आणि विकराची ताकद उतरते. ज्यांची तक्रार ‘जून-जुलैपासून बिघडले’ अशी असते, त्यांना आम्ही आधी हेच विचारतो.

११. पचन पूर्ण झाले हे कसे ओळखावे? घड्याळ पाहायचे की यकृत?

यकृत पाहावे. पचत आलेले यकृत मऊ पडते, आवरणाखाली जागोजागी भेगांसारखी जाळी दिसू लागते आणि बोथट चिमट्याने हलके दाबले तर खळगा तसाच राहतो. मग यकृत आवरणासह अलगद काढून थंड माध्यमात ठेवावे, ग्लिसनचे आवरण एका ठिकाणी फाडावे आणि चिमट्याने धरून हलवावे. पेशी पिठाळ ढगासारख्या बाहेर पडल्या पाहिजेत. कात्रीने बारीक चिरावे लागत असेल तर पचन अपुरे झाले आहे. यकृत काढतानाच हातात विरघळत असेल तर ते अति झाले आहे. या दोन चुकांपैकी दुसरी अधिक महागात पडते.

पेशी आधी १०० आणि मग ७० मायक्रॉनच्या जाळीतून गाळाव्यात. यापुढचे सर्व काम बर्फावर, रुंद तोंडाच्या पिपेटने आणि जोर न लावता करावे.

१२. सेंट्रिफ्यूज ५० जी वर सांगतात. एवढ्या कमी वेगात पेशी बसतील का? आमच्या यंत्रावर फक्त आरपीएम आहे.

बसतात, कारण हेपॅटोसाइट मोठ्या आणि जड असतात. लाल रक्तपेशी, कुप्फर पेशी, एंडोथेलियल पेशी आणि मोडतोड एवढ्या वेगात वरच्या द्रवात राहते. मंद वेग हीच इथली शुद्धीकरणाची रीत आहे. ५० जी वर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ५० पट जोराने, २ ते ३ मिनिटे, असे तीनदा धुवावे. वेग वाढवला तर नको त्या पेशीही तळाशी येतात.

आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, आकडा रोटरच्या त्रिज्येवर अवलंबून असतो, म्हणून दुसऱ्याच्या वहीतून तो उचलू नये. त्रिज्या १६ सेंटिमीटर असेल तर ५० जी साठी सुमारे ५३० फेरे लागतात आणि १० सेंटिमीटर असेल तर सुमारे ६७०. ब्रेक बंद ठेवावा.

१३. पेशी मोजण्याचे गणित एकदा उदाहरणासह सांगाल का?

समजा, धुतलेल्या पेशी ५० मिलिलिटरमध्ये मिसळल्या आणि त्यातला नमुना ट्रिपॅन ब्ल्यूसह (हा रंग मृत पेशींना निळे करतो) एकूण दहा पट विरळ केला. हिमोसायटोमीटरच्या (पेशी मोजण्याच्या आखीव काचपट्टीच्या) चार कोपऱ्यांतील मोठ्या चौकोनांत मिळून १८० रंगहीन आणि २० निळ्या पेशी दिसल्या. जिवंतपणा २०० पैकी १८०, म्हणजे ९० टक्के. एका चौकोनात सरासरी ४५ जिवंत पेशी. त्याला दहा पट विरळपणाने आणि १०,००० ने गुणले की मिलिलिटरला ४५ लाख, आणि ५० मिलिलिटरमध्ये २२ कोटी ५० लाख. एका रॅटपासून २० ते ४० कोटी पेशी हे चांगले उत्पन्न मानावे.

सहा खाचांच्या प्लेटमधील एका खाचेचे क्षेत्र सुमारे ९.५ चौरस सेंटिमीटर असते. चौरस सेंटिमीटरला १ लाख या दाटीने खाचेला साडेनऊ लाख पेशी लागतात, म्हणजे वरच्या उदाहरणात सुमारे ३९ प्लेट होतील. दाटी याहून फार कमी करू नये. यकृतपेशींना शेजार लागतो. विरळ पेरलेल्या पेशी पसरून चपट्या होतात आणि लवकर गुण सोडतात.

१४. जिवंतपणा ७० टक्केच आला. टाकून द्यायचे का?

८५ टक्क्यांच्या खाली असेल तर पर्कोल, म्हणजे पेशी घनतेनुसार वेगळ्या करणारा दाट द्रव, वापरून पाहावे. समतानी (आयसोटॉनिक, म्हणजे क्षारांचे प्रमाण पेशींना मानवेल असे) केलेल्या पर्कोलच्या ४०-४५ टक्के मिश्रणात पेशी मिसळून कमी वेगाने सुमारे दहा मिनिटे फिरवल्या, की जिवंत पेशी तळाशी जातात आणि मृत पेशी वर तरंगतात. नंतर पर्कोल धुऊन काढावा. यात काही जिवंत पेशीही जातात, त्यामुळे जिवंतपणा ९० च्या वर असताना केवळ सवय म्हणून हे करू नये. ५० टक्क्यांच्या खाली आलेल्या पेशी मात्र पर्कोलनंतरही बहुधा धड चिकटत नाहीत. निळ्या झालेल्या निघून जातात, पण उरलेल्यांनीही तोच मार खाल्लेला असतो.

१५. जिवंतपणा ९२ टक्के, तरी दुसऱ्या दिवशी अर्ध्या पेशी तरंगताना दिसतात. हे कसे?

ट्रिपॅन ब्ल्यू फक्त एवढेच सांगते की त्या क्षणी पटल अखंड आहे. पृष्ठभागावरची चिकटण्याची प्रथिने कोलॅजिनेजने कुरतडली असतील, किंवा पेशी आतून मरणाच्या वाटेला लागल्या असतील, तर ते या रंगात दिसत नाही. मोजताना पेशींच्या कडेला फुगे आलेले दिसले तर सावध व्हावे. खरी परीक्षा चार तासांनी किती टक्के पेशी चिकटल्या यावर घ्यावी, आणि तो आकडा दर वेळी वहीत लिहावा. याशिवाय प्लेटच्या तळाला दिलेला लेप (प्रश्न १६) जुना असणे, पेरल्यावर प्लेट गोल फिरवल्यामुळे सगळ्या पेशी मध्यभागी गोळा होणे आणि पेशी बर्फावर तासन् तास पडून राहणे ही कारणेही तपासावीत. प्लेट पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलवावी, गोल नाही.

१६. लेप कोणता, माध्यम कोणते, आणि सीरम केव्हा काढायचे?

लेपासाठी रॅटच्या शेपटीपासून काढलेले टाइप १ कोलॅजेन चौरस सेंटिमीटरला ५ ते १० मायक्रोग्रॅम पुरते. माध्यम विल्यम्स ई हे सर्वाधिक रूढ आहे. त्यात इन्सुलिन, ट्रान्सफेरिन व सेलेनियम यांचे मिश्रण, सुमारे १०० नॅनोमोलर डेक्सामेथासोन, ग्लुटामिन आणि प्रतिजैविके घालतात. चिकटण्याच्या पहिल्या ३-४ तासांसाठी ५ ते १० टक्के सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) ठेवावे, नंतर तरंगणाऱ्या पेशी धुऊन सीरमरहित माध्यम द्यावे. सीरम पेशींच्या भल्याचेच असते हा समज सेललाइनवरच्या कामातून येतो. यकृतपेशींना ते चिकटायला मदत करते आणि पुढे त्यांचे गुण उतरवते.

माध्यमाची उंची हा दुर्लक्षित मुद्दा आहे. या पेशी ऑक्सिजन भरपूर खातात आणि तो त्यांना वरच्या द्रवातून झिरपतच मिळतो. सहा खाचांच्या प्लेटमध्ये खाचेला दीड ते दोन मिलिलिटर, म्हणजे सुमारे दोन मिलिमीटर उंची, पुरे. शनिवार-रविवार यायला नको म्हणून चार मिलिलिटर भरून गेलेल्यांच्या पेशी सोमवारी गुदमरलेल्या सापडतात.

१७. मला पेशी खरोखरच विभाजित व्हायला हव्या आहेत. काही मार्ग आहे का?

आहे, पण त्याची किंमत मोजावी लागते. ईजीएफ आणि एचजीएफ हे वृद्धिघटक दिल्यास डीएनए निर्मिती सुरू होते. एचजीएफचा शोधही रॅटमुळेच लागला: यकृताचा भाग काढलेल्या रॅटच्या रक्तद्रवात यकृतपेशींना विभाजनाला लावणारा घटक असल्याचे जपानमधील नाकामुरा आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवले. माध्यमात १० मिलिमोलर निकोटिनामाइड घातल्यास रॅटच्या यकृतातील ‘लहान हेपॅटोसाइट’ वसाहती करून वाढतात. २०१७ मध्ये कात्सुदा आणि सहकाऱ्यांनी वाय-२७६३२, ए-८३-०१ आणि सीएचआयआर९९०२१ या तीन लहान रेणूंच्या मिश्रणाने रॅट व माऊसच्या प्रौढ यकृतपेशींना वारंवार विभाजित होणाऱ्या पूर्वज अवस्थेत नेले. मात्र विभाजित होणारी पेशी त्या काळात पूर्ण प्रौढ यकृतपेशी राहत नाही. तिला नंतर पुन्हा प्रौढ करावे लागते.

१८. पी४५० ची क्रिया दोन दिवसांत घसरते. ट्रिप्सिन लावून नव्या प्लेटवर हलवले तर सुधारेल का?

नाही. प्रौढ यकृतपेशी ट्रिप्सिनने सोडवून पुन्हा पेरल्या तर बहुतांश चिकटतच नाहीत. पहिल्या २४ ते ४८ तासांत पी४५० मोठ्या प्रमाणात घटते, कारण सपाट प्लेटवर पेशीला वर-खाली आणि शेजारी यांचे यकृतातले नेमके नाते मिळत नाही. कमी दिवसांचा प्रयोग असेल तर तो पहिल्या दिवशीच उरकावा. जास्त दिवस हवे असतील तर दोन कोलॅजेन थरांमध्ये पेशी ठेवण्याची सँडविच पद्धत वापरावी. डन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये या रचनेत रॅटच्या पेशींनी सहा आठवडे अल्ब्युमिन स्रवत ठेवल्याचे दाखवले. पेरल्यानंतर दुसऱ्या दिवशी वरचा थर देतात. तीन-चार दिवसांत पेशींच्या सीमांवर चकाकणाऱ्या रेषांचे जाळे उठते, ते पित्तसूक्ष्मनलिकांचे असते. पेशींचे गोलक करणे हाही चांगला पर्याय आहे.

१९. वरचा द्रव फेकून देतो, त्यात कुप्फर पेशी असतात ना?

असतात, शिवाय एंडोथेलियल पेशीही. तो द्रव पुन्हा एकदा ५० जी वर फिरवून उरलेल्या हेपॅटोसाइट काढाव्यात, मग ३०० ते ४०० जी वर बाकीच्या पेशी गोळा करून पर्कोलच्या पायऱ्यांवर वेगळ्या कराव्यात. कुप्फर पेशी साध्या प्लास्टिकला लवकर चिकटतात, त्यामुळे त्या सहज वेगळ्या होतात. स्टेलेट पेशींसाठी मात्र प्रोनेज हे दुसरे विकर वापरून वेगळे पचन लागते, आणि त्यात हेपॅटोसाइट मरतात.

२०. आठव्या-दहाव्या दिवशी लांबट पेशी भराभर वाढताना दिसतात. अखेर वाढल्या म्हणायच्या का?

दुर्दैवाने नाही. त्या बहुधा स्टेलेट पेशी किंवा फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या पेशी) असतात. धुण्यात राहून गेलेल्या थोड्याच पेशी विभाजित होत होत जागा बळकावतात. काही वेळा हेपॅटोसाइट स्वतःच चपट्या आणि लांबट होतात. अल्ब्युमिन (हेपॅटोसाइटची खूण) आणि व्हायमेंटिन (या लांबट पेशींची खूण) यांची रंगचाचणी केल्यास बराच उलगडा होतो. केवळ आकारावरून ‘आम्ही यकृतपेशी वाढवल्या’ असे लिहू नये.

२१. नर की मादी, उपाशी की जेवलेला, याने फरक पडतो का?

रॅटमध्ये बराच पडतो. सायटोक्रोम २सी११ हे प्रौढ नरांमध्ये आणि २सी१२ हे माद्यांमध्ये आढळते, त्यामुळे औषधचयापचयाच्या कामात नर-मादी मिसळू नयेत. जेवलेल्या प्राण्याच्या पेशींत ग्लायकोजेन भरपूर असते. ग्लुकोजनिर्मिती मोजायची असेल तर रात्रभर उपाशी ठेवलेला प्राणी घेतात. कोणताही पर्याय निवडा, पण मालिकेत मध्येच बदलू नका.

२२. पेशी गोठवून ठेवता येतात का?

येतात, पण नुकसानीसह. १० टक्के डीएमएसओमध्ये (गोठताना पेशींना जपणाऱ्या द्रवात) मिनिटाला एक अंश या गतीने गार करून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. वितळवल्यानंतर जिवंतपणापेक्षा चिकटण्याची क्षमता अधिक घटलेली आढळते. त्यामुळे गोठवलेल्या पेशी तरंगत्या अवस्थेतल्या, काही तासांच्या चयापचय चाचण्यांना बऱ्या पडतात, आठवडाभराच्या संवर्धनाला नाही. गोठवण्यासाठी ९० टक्क्यांवरचा घाणाच निवडावा.

२३. मेदयुक्त किंवा फायब्रोसिस झालेल्या यकृतावर हीच पद्धत चालेल का?

जशीच्या तशी नाही. मेदाने भरलेल्या पेशी हलक्या होतात. ५० जी वर त्या तळाशी न बसता वरच्या द्रवात राहतात, आणि नेहमीच्या सवयीने तो द्रव फेकला की जिचा अभ्यास करायचा तीच पेशी मोरीत जाते. अशा वेळी वेग किंवा वेळ थोडा वाढवावा आणि पर्कोल टाळावा, कारण तोही मेदयुक्त पेशींना मृतांबरोबर वर पाठवतो. फायब्रोसिसमध्ये, म्हणजे यकृतात तंतुमय चट्टे पडतात तेव्हा, कोलॅजेन वाढलेले असल्याने पचनाला वेळ किंवा विकर जास्त लागते, आणि चट्ट्यांमुळे द्रावण सगळीकडे सारखे पोहोचत नाही, म्हणून लाल खंडांची अडचण (प्रश्न ९) इथे हमखास येते. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी प्राण्यालाही तोच वाढवलेला वेळ आणि तोच सेंट्रिफ्यूजचा वेग द्यावा. त्याचे उत्पन्न त्यामुळे थोडे खराब होईल, ते सोसावे लागते. नाहीतर दोन गटांत दिसणारा फरक आजाराचा की कोलॅजिनेजचा, हे सांगता येणार नाही.